बेचाळिसाव्या दिवसानंतर : आरोग्यमंत्र्यांस अनावृत पत्र

सन्माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,



आपल्या खात्याच्या दप्तरात जे असंख्य नमुने छापले जातात, भरले जातात आणि गठ्ठे बांधून कपाटांत रचले जातात, त्यांपैकी एका नमुन्याकडे आपले लक्ष वेधावे एवढ्याचसाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली म्हणजे आशा स्वयंसेविका प्रसूतीपासून तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिच्या घरी जाऊन जो नमुना भरते, तो हा. त्यात बाळाचे वजन आहे, त्याचा ताप आहे, ते दूध ओढते की नाही हे आहे; आणि आईसंबंधीही त्यात वाटते त्याहून पुष्कळ आहे. चोवीस तासांत ती पोटभर किती वेळा जेवली, रक्तस्राव किती होतो, अंगावर दुर्गंधीचे जाते काय, ताप आहे काय, स्तनाग्रांना चिरा पडल्या आहेत काय, आणि ती असंबद्ध बोलते काय किंवा तिला झटके येतात काय, इतके सारे त्यात विचारले आहे. हा शेवटचा प्रश्न ज्याने घातला त्याने तो विचारपूर्वकच घातला असला पाहिजे, कारण बाळंतवाताचे झटके आणि बाळंतपणातला उन्माद ही दोन्ही संकटे घटकाभरात जीव घेऊ शकतात. परंतु जी बाई असंबद्ध काय पण सुसंबद्धही फारसे बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहते, मूल रडले तर यंत्रासारखी उठते आणि त्याला पाजून पुन्हा भिंतीकडे वळते, तिच्या नावापुढे या रकान्यात आशाताई इमानेइतबारे 'नाही' असे लिहितात. ते उत्तर खरेही असते आणि त्यानेच ती बाई आपल्या खात्याच्या दृष्टीने निरोगी ठरते.

असे दृश्य पाहायला फार दूर जावे लागत नाही. ज्या तालुक्यात माझी सारी नोकरी गेली तिथल्या अंगणवाडीत लसीकरणाच्या दिवशी कोणीही जाऊन बसावे. छताच्या आकड्याला ताणकाटा टांगलेला असतो, त्याच्या झोळीत एकेक मूल ठेवले जाते, आणि काट्याने दाखवलेला आकडा नर्सबाई मोठ्याने म्हणतात. "बाळ कसं हाय?" हा प्रश्न विचारला जातो सुनेला आणि उत्तर देते सासू. "दूध पितंय का?" पुन्हा सासूच. सूनबाई पदराचे टोक बोटाला गुंडाळीत काट्याकडे पाहत उभी असते. तिसरी मुलगी, असे कोणी तरी मागून हलक्या आवाजात सांगते. बोलण्याची वेळ आलीच तर ती जे बोलते ते ठरलेले असते: कंबर लई दुखती, अंगावरनं पांढरं जातं, रातच्याला झोप न्हाई, अंगात ताकदच न्हाई. मग लोहाच्या आणि चुन्याच्या गोळ्यांची पुडी तिच्या हातात पडते, आणि सासू म्हणते, "तिला काय धाड भरलीया? बसून तर खाती." या सासूचा मला फार रागही येत नाही. तिची स्वतःची बाळंतपणे याहून कठीण गेली असतील, आणि तिला तर गोळ्यांची पुडीसुद्धा कोणी दिली नसेल.

या तक्रारींना आपल्या शेजारच्या गोव्यात कान देण्यात आला. म्हापशाच्या आझिलो इस्पितळात येणाऱ्या गर्भवती स्त्रियांची डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी पाहणी केली ती २००२ साली प्रसिद्ध झाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या २५२ मातांपैकी ५९, म्हणजे शेकडा २३, नैराश्याच्या विकाराने ग्रस्त आढळल्या. त्यांतील शेकडा ७८ जणींचे मन गरोदरपणातच खचलेले होते, आणि निम्म्याहून अधिक जणी मूल सहा महिन्यांचे झाल्यावरही आजारीच होत्या. कारणांत दारिद्र्य होते, नवऱ्याशी बेबनाव होता, आणि मुलगी होणे हेही होते. घरातली मारहाण आणि पोटातली भूक यांचा आघातही मूल मुलगा की मुलगी यावर कमीअधिक होताना दिसला. त्या पाहणीतली जी गोष्ट आपल्या खात्याने खास टिपून ठेवावी असे मला वाटते ती मात्र वेगळीच आहे: खचलेल्या माता इतर मातांपेक्षा दवाखान्याच्या पायऱ्या अधिक वेळा चढत होत्या. म्हणजे रोग घरात दडून बसतो आणि त्याला हुडकून काढायचे कसे, असा हा प्रश्नच नव्हे. ही बाई आपल्या दाराशी येतच असते. तिला विचारले मात्र जात नाही. पुढे भारतभरच्या अशा पाहण्यांचा जो गोषवारा २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आला, त्यातही बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण शेकडा २२ च्या आसपासच निघाले.

गोव्यातच पुढे अंगावर पांढरे जाण्याच्या तक्रारीचाही छडा लावण्यात आला, आणि तिचे नाते जंतूंपेक्षा मनाच्या क्लेशाशी अधिक निकटचे आढळले. हे वाचताना मला २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा जो बोभाटा झाला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली ज्याची चौकशी झाली, त्याची आठवण होणे अपरिहार्य होते. त्या प्रत्येक शस्त्रक्रियेमागे मनाचाच आजार होता असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे हा त्या स्त्रियांच्या शरीरकष्टांचा उपमर्द होईल. पण कंबर दुखते आणि पांढरे जाते एवढे सांगणाऱ्या तरुण स्त्रीचे गर्भाशय काढून टाकण्यापर्यंत ज्या समाजाची मजल जाते, त्या समाजात तिला जवळ बसवून 'तुला बरं वाटत नाही म्हणजे नेमकं काय होतं' हे विचारण्याची तसदी किती जणांनी घेतली असेल, याचा तर्क करवत नाही.

येथे थोडा विवेक करणे आवश्यक आहे, नाही तर माझ्या विनंतीचा विपर्यास होईल. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात बहुतेक स्त्रियांना उगाचच रडू येते आणि ते आपोआप ओसरते. त्याला रोग म्हणण्याचे कारण नाही. दुसऱ्या टोकाला हजारांत एखाद-दुसऱ्या बाळंतिणीला उन्मादाचा जो तीव्र झटका येतो, ज्याला आजही पुष्कळ घरी 'बाहेरचं' समजून भगताकडे नेतात, त्यात एक दिवसही न दवडता रुग्णालय गाठावे लागते. अशा मातेला दाखल करताना तीन वर्षांखालील मूल तिच्यापासून सामान्यतः तोडू नये, असे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने स्पष्ट सांगितले आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत आई आणि बाळ एकत्र राहतील असा विभाग आहे. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी या आपल्या चारही मनोरुग्णालयांत तशी तजवीज असणे हा त्या कायद्याचा सरळ अर्थ होतो. परंतु माझे हे पत्र या दोन टोकांसंबंधी नाही. मधला जो मोठा समुदाय आहे, जो रडत नाही आणि ओरडतही नाही, आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने ज्याला कशातच गोडी वाटत नाही, आणि आपण मेलो तर मुलांचे बरे होईल असा विचार ज्याच्या डोक्यात पाण्याच्या ठिबकीसारखा चालू असतो, त्याच्यासंबंधी ते आहे.

यावर आपले अधिकारी आपल्याला जे सांगतील ते मला ठाऊक आहे. ते म्हणतील, देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नाही, मग या लक्षावधी मातांना तपासणार कोण? आकडा खरा आहे, आणि राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१६ साली नैराश्यग्रस्तांपैकी शेकडा सुमारे ८५ लोक उपचारांवाचून राहतात असे जे सांगितले तेही खरे आहे. परंतु डॉक्टर नाही म्हणून उपचार नाही, हा युक्तिवाद महाराष्ट्राने तरी करू नये, कारण तो खोटा पाडण्याचा मान महाराष्ट्राकडेच जातो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी अल्पशिक्षित खेडूत स्त्रियांना 'आरोग्यदूत' करून त्यांच्या हाती नवजात बालकांची शुश्रूषा दिली, त्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तो वृत्तांत प्रसिद्ध झाल्यावर ज्या गोष्टीला मोठमोठे तज्ज्ञ हसत होते तीच २०११ पासून भारत सरकारचा कार्यक्रम झाली. ज्या नमुन्यापासून मी या पत्राला आरंभ केला तो याच कार्यक्रमाचा. ज्या बाईला नवजात अर्भकाचा न्यूमोनिया ओळखता येतो तिला शेजारणीचे दुःख ओळखता येणार नाही, असे मानायला आधार कोणता?

आधार आहे तो उलट बाजूचा. पाकिस्तानात रावळपिंडी जिल्ह्याच्या खेड्यांत डॉ. अतीफ रहमान यांनी तिथल्या लेडी हेल्थ वर्करना, म्हणजे आपल्या आशाताईंच्या सीमेपलीकडच्या भगिनींना, केवळ दोन दिवसांचे शिक्षण आणि नंतर एक दिवसाची उजळणी देऊन नैराश्यग्रस्त गर्भवतींच्या घरी पाठवले. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात दर आठवड्याला एक, बाळंतपणानंतरच्या पहिल्या महिन्यात तीन, आणि मग महिन्याला एक, अशा सोळा भेटी. हाती चित्रांची पुस्तिका. चित्रात एक बाई विचार करते आहे की, माझे मूल आजारी पडणारच, मी काहीही केले तरी व्यर्थ. शेजारच्या चित्रात तीच बाई दुसऱ्या रीतीने विचार करते आहे. आणि आठवडाभरात करण्याजोगे एखादे छोटे काम ठरते, मग ते बाळाशी दहा मिनिटे खेळणे असेल, स्वतः दुपारी गरम भाकर खाणे असेल, नाही तर बहिणीकडे जाऊन येणे असेल. पुढच्या भेटीत ते झाले का आणि नसेल तर कशाने अडले याची विचारपूस होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात मूल सहा महिन्यांचे झाले तेव्हा असा उपचार मिळालेल्या मातांपैकी शेकडा २३ नैराश्यात राहिल्या होत्या, आणि नुसत्या भेटी मिळालेल्या मातांपैकी शेकडा ५३. वर्षअखेरीस हे आकडे २७ आणि ५९ असे होते. उपचारासाठी मनोविकारतज्ज्ञ एकाही घरी गेला नव्हता. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने ती पुस्तिका साऱ्या जगासाठी खुली केली.

यश मी फुगवून सांगत नाही. गोव्यात आरोग्यसेविकांऐवजी वस्तीतल्याच अनुभवी आयांना 'सखी' म्हणून तयार करून तोच उपचार करण्यात आला. तिथे बऱ्या होणाऱ्या मातांचे प्रमाण वाढले, पण रावळपिंडीइतके घवघवीत काही दिसले नाही. झारखंड आणि ओडिशातील आदिवासी गावांत 'एकजूट' संस्थेने स्त्रियांची मंडळे जमवून बाळंतपणातल्या अडचणींवर त्यांना एकत्र विचार करायला लावला. नवजातांचे मृत्यू तर लक्षणीय घटलेच, आणि सर्व वर्षे मिळून मातांच्या मनःस्थितीत ठळक फरक न दिसूनही तिसऱ्या वर्षी मध्यम प्रतीचे नैराश्य शेकडा ५७ ने कमी आढळले. नाशिक जिल्ह्यात 'आत्मीयता' या उपक्रमाने गावातल्याच माणसांना मित्र म्हणून उभे करून दुःखी माणसांपर्यंत पोहोचण्याची वाट दाखवली. केरळने जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातून 'अम्म मनस्स' या नावाने गर्भवती व बाळंतिणींची विचारपूस सुरू केली. तेव्हा हा उपचार जादू नव्हे. तो क्षयाच्या औषधासारखा नेमाने, देखरेखीखाली आणि पुरते दिवस द्यावा लागतो, आणि तसा दिला तर पुष्कळांना गुण येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो अधिकाऱ्यांपेक्षा माझ्या मित्रमंडळींकडूनच अधिक येतो. ज्या घरात दाणा नाही, नवरा पिऊन येतो, छपराला पत्रा नाही, त्या घरातल्या बाईला दुःख होते यात रोग कसला, असे ते विचारतात. तिला भाकर द्या, मजुरी द्या, आणि समुपदेशनाचे चोचले पोटभर जेवणाऱ्यांसाठी ठेवा. या म्हणण्यामागची माणुसकी मी ओळखते, आणि दारिद्र्य हे या विकाराचे मोठे कारण आहे हे गोव्याची पाहणीही सांगतेच. परंतु उपाशी माणसाला न्यूमोनिया झाला तर आधी अन्न आणि नंतर औषध असा क्रम कोणी लावत नाही. दोन्ही एकदम देतात. त्यातून या रोगाचे वैशिष्ट्य असे की, दारिद्र्यातून बाहेर पडण्यासाठी जे अंगी असावे लागते तेच तो आधी हिरावून घेतो. आपल्याच योजना पाहा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्यासाठीचे पाच हजार रुपये मिळण्यासाठी वेळेत नोंदणी लागते, आधार लागते, खाते लागते, बँकेत खेटे घालावे लागतात. रेशनकार्डावर मुलाचे नाव चढवायचे तर तलाठी, तहसील आणि पुन्हा तहसील. या साऱ्या तरतुदी धडपड्या बाईसाठी रचलेल्या असतात. जिला सकाळी उठून वेणी घालण्याचे बळ नाही तिने हेलपाटे घालायचे कसे? ती तालुक्याला जात नाही, हप्ता बुडतो, आणि कागदावर शेरा पडतो की लाभार्थी अनुत्सुक. आणि पहिले अपत्य, किंवा दुसरे मुलगी असल्यास तेवढेच, असा त्या योजनेचा नियम असल्यामुळे त्या ताणकाट्याजवळ उभी असलेली तिसऱ्या मुलीची आई तर कोणत्याच रकान्यात बसत नाही.

रावळपिंडीच्या त्या मातांना कोणी पैसे दिले नव्हते. दारिद्र्य जसेच्या तसे होते. सात वर्षांनी अर्थशास्त्रज्ञांनी त्याच घरांत जाऊन शोध घेतला, तो २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. उपचार मिळालेल्या स्त्रियांत नैराश्य तेव्हाही कमी होते, आणि घरातील पैशांचा व्यवहार त्यांच्या हाती अधिक होता. म्हणजे भाकर आधी की मन आधी, हा वाद पुस्तकी आहे.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहिण्याची निकड मला भासली, तिच्याकडे येते. रावळपिंडीच्या प्रयोगात मुळात तपासायचे ठरले होते ते मुलांचे वजन आणि उंची. माता बऱ्या झाल्या, मुलांना हगवण कमी वेळा लागली, लसी अधिक पूर्ण झाल्या. परंतु ज्यासाठी हा खटाटोप मांडला होता ते वजन आणि ती उंची यांत फरक पडला नाही, आणि सात वर्षांनी मुलांच्या बुद्धीच्या व वर्तनाच्या चाचण्यांतही दोन गटांत अंतर आढळले नाही. कोणी म्हणेल, मग मिळवले काय? हा प्रश्न ज्याच्या तोंडी येतो त्याच्या लेखी आई म्हणजे मुलाला वाढवण्याचे एक साधन आहे, आणि साधन दुरुस्त करूनही माल सुधारला नाही तर खर्च वाया गेला. मंत्रिमहोदय, आपल्या दप्तराचीही दृष्टी हीच आहे. बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि मूल दोघांची नोंद. त्यानंतर २०१८ पासून आशाताई तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यात पुन्हा त्याच उंबऱ्याशी येतात खऱ्या, पण त्या येतात बालकासाठी. आई दार उघडते, मूल आणून दाखवते, आणि रकान्यात तिचे नाव मुलाची ओळख पटवण्यापुरते येते. नैराश्य मात्र दिवस मोजत नाही. गोव्यातल्या निम्म्याहून अधिक जणी सहाव्या महिन्यातही आजारी होत्या हे मी वर सांगितलेच आहे. मूल सुधारो वा न सुधारो, शेकडा तेवीस स्त्रिया आजारी आहेत आणि त्यांच्यावर इलाज होऊ शकतो, एवढे कारण सरकारला पुरेसे वाटले पाहिजे.

व्यवहारात मात्र मुलाचे नाव पुढे करण्याला माझी हरकत नाही. रावळपिंडीतही सेविका उंबऱ्याशी जाऊन 'तुमच्या सुनेला मनाचा आजार आहे' असे म्हणाल्या नाहीत. आई आणि बाळ यांच्या आरोग्याची शिकवणी म्हणून त्या गेल्या. उंबऱ्यावर युक्ती चालते. धोरणात ती चालू नये.

आपल्याकडे पूर्वी यावर काही इलाज नव्हता असे नाही. पहिले बाळंतपण माहेरी, सव्वा महिना शेकशेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, न्हाऊ घालणारी बाई, आणि दिवसभर कानाशी कोणी तरी आपले माणूस बोलते आहे, हा एक उपचारच होता. त्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, मुलगी झाली म्हणून तोंड वाकडे करणारीही माणसे तीच होती, आणि मजूर घराला हे कौतुक पहिल्या खेपेलाच जेमतेम परवडत असे. ऊसतोडीच्या फडावर तर त्याचा मागमूसही नाही. तिथे नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल दोघांच्या नावे. एक दिवस चुकला की खाडा धरला जातो. भल्या पहाटे फडात उतरलेल्या बाईचे तान्हे बैलगाडीच्या सावलीत झोळीत असते, आणि दूध पाजायला ती मोळ्या बांधता बांधता येते. दिवाळीच्या सुमारास गाव सुटते ते उन्हाळ्याच्या तोंडाशी पुन्हा दिसते. बीडच्या आशाताईंच्या यादीतली बाळंतीण बेचाळिसाव्या दिवशी कोल्हापुरात नाही तर कर्नाटकात असते, आणि त्या फडाजवळच्या आशाताईंच्या यादीत ती कधी नव्हतीच. तिच्यासाठी नोंदच तिच्याबरोबर प्रवास करील अशी व्यवस्था करावी लागेल. मुकादमाकडे उचलीचा हिशेब जिल्हा ओलांडून बिनचूक पोहोचतो. सरकारी कागद का पोहोचू नये?

आपण १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकाकडे बोट दाखवाल. २०२२ साली सुरू झालेली ती सोय चांगली आहे आणि तिने पुष्कळांचे प्राण वाचवावेत अशीच माझी इच्छा आहे. फक्त ज्या स्त्रियांविषयी मी लिहीत आहे त्यांच्या घरी फोन बहुधा नवऱ्याच्या खिशात असतो, आणि एका खोलीच्या घरात सासूच्या देखत रडण्यासाठी कोणी क्रमांक फिरवीत नाही.

तेव्हा मागणे असे आहे. त्या नमुन्यात, झटक्यांच्या प्रश्नाच्या खाली, दोन साधे प्रश्न घालावेत: गेल्या पंधरा दिवसांत मन उदास, निराश राहिलं का, आणि रोजच्या कशातच गोडी वाटेनाशी झाली का. ते सासूच्या समोर न विचारता बाईला पाणी आणायला किंवा मूल न्हाऊ घालायला बाजूला घेऊन विचारावेत, आणि बेचाळिसाव्या दिवशी थांबू नयेत; बालकासाठीच्या त्या पाचही भेटींत आईचा रकाना असावा. परंतु उपचाराची तजवीज न करता नुसते प्रश्न घालाल तर ते मुळीच घालू नका, कारण दुःख उकरून काढून त्यावर शिक्का मारणे ही क्रूरताच होय. उत्तर 'होय' आले तर पुढच्या भेटी कोण देणार, हे आधी ठरले पाहिजे.

आणि या भेटी आशाताईंच्या गळ्यात फुकट घालू नयेत. नवजाताच्या साऱ्या भेटींचे मिळून अडीचशे रुपये, असा ज्यांचा मोबदला देशभर ठरवण्यात आला, आणि तोसुद्धा वेळेवर मिळावा म्हणून ज्यांना संप करावा लागतो, त्यांच्यावर 'ताई, जरा बोलत चला बायकांशी' असे म्हणून आणखी सोळा भेटी लादणे हे नैराश्य एका घरातून उचलून दुसऱ्या घरात नेऊन ठेवण्यासारखे होईल. गोव्याप्रमाणे वस्तीतल्याच अनुभवी आयांमधून एक वेगळी, पगारी, शिकवून तयार केलेली सखी नेमावी. उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने दर पंधरवड्याला तिचे म्हणणे ऐकावे, तिलाही कधी कोणाच्या दुःखाने झोप येत नसेल तर तेही ऐकावे. आणि जिला बोलण्याने गुण येत नाही, किंवा जी मरणाच्या गोष्टी बोलते, तिच्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध असावे. अंगावर पाजणाऱ्या आईलाही देता येतील अशी सर्ट्रालिनसारखी औषधे आज आहेत. ती जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळतात म्हणून कोणाला दिवसाची मजुरी बुडवावी लागू नये.

एक शेवटची बाब नोंदीची. गर्भारपणात किंवा बाळंतपणानंतर एखादी स्त्री विहिरीत उडी घेते किंवा पेटवून घेते तेव्हा पोलिसांच्या पंचनाम्यात तिची नोंद होते. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०१२ सालापासून अशा आत्महत्येची गणना प्रत्यक्ष मातामृत्यूत करावी असे सांगितले आहे. महाराष्ट्रातील मातामृत्यूच्या प्रत्येक अन्वेषणात हा रकाना असावा आणि तो भरणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याने पोलीस ठाण्याच्या कागदांशी त्याची रुजवात घालावी, एवढा हुकूम काढायला वेगळी तरतूद लागत नाही, समिती लागत नाही आणि विधानसभेची मंजुरीही लागत नाही. तो आपल्या सहीने निघतो.

या पत्राची एक प्रत माहितीस्तव आरोग्य सेवा संचालकांकडे रवाना केली आहे. त्यांच्याकडून अभिप्राय मागवाल तेव्हा नमुन्याची कोरी प्रतही सोबत मागवावी.

कळावे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका